डोमेन कुठून घ्यायचं? किंमत, सपोर्ट आणि वापरायला सोपं, तिन्ही बघून रजिस्ट्रार कसा निवडायचा

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घ्यायचं म्हटलं की बहुतेक जण काय करतात, सर्चमध्ये टाकतात, जी साइट सगळ्यात वर येते तिथे जातात, पहिल्या वर्षाचा आकडा बघतात आणि कार्ड टाकून मोकळे होतात. मग वर्षभराने रिन्यूअलचा, म्हणजे मुदत वाढवायचा, मेल येतो तेव्हा कळतं की खरा भाव हा होता. माझं म्हणणं एकच आहे, रजिस्ट्रार (आपण जिच्याकडून डोमेन घेतो ती कंपनी) निवडताना आधी दोन गोष्टी बघा, रिन्यूअलला किती पडतात आणि उद्या तिथून निघायचं ठरलं तर किती त्रास होतो. सपोर्ट, डॅशबोर्ड, ऑफर हे सगळं महत्त्वाचं आहेच पण ते यानंतर. खाली त्याच क्रमाने लिहिलंय, तासभर नीट बसलात तर तीन-चार रजिस्ट्रारची तुलना आरामात होते.

आधी हे पैसे जातात कुठे ते समजून घ्या

आपण "डोमेन विकत घेतलं" म्हणतो पण ते कायमचं आपलं होत नाही, ठरावीक मुदतीसाठी आपल्या नावावर नोंदवलेलं असतं, डॉट कॉमसारख्यांची मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांपर्यंत पुढे नेता येते. प्रत्येक एक्स्टेन्शनची (नावाचा शेवटचा भाग, डॉट कॉम, डॉट ऑर्ग वगैरे) मुख्य नोंदवही एका रजिस्ट्रीकडे असते. डॉट कॉम आणि डॉट नेट व्हेरिसाइन सांभाळते, डॉट ऑर्ग पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्रीकडे आहे. आपण ज्यांच्याकडून घेतो ते रजिस्ट्रार, आणि या सगळ्यांचे नियम ठरवणारी, रजिस्ट्रारना मान्यता देणारी संस्था म्हणजे आयकॅन, १९९८ पासूनची.

आता यातली कामाची गोष्ट अशी की डॉट कॉमचा घाऊक भाव सगळ्या रजिस्ट्रारना सारखाच पडतो. २०२१ पर्यंत तो ७.८५ डॉलर होता, मग सलग चार वेळा वाढला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये वर्षाला १०.२६ डॉलर झाला. त्यावर आयकॅनची फी, जी आधी १८ सेंट होती आणि जुलै २०२५ पासून २० सेंट झाली. म्हणजे कुणी तुम्हाला डॉट कॉम एका डॉलरला देत असेल तर तो पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून घालतोय आणि ते पैसे तो पुढे रिन्यूअलमधून किंवा बाकीच्या गोष्टी विकून काढणार. यात फसवणूक आहे असं नाही, धंद्याची पद्धत आहे, पण हा आकडा डोक्यात असला की कुठलाही भाव बघितल्यावर लगेच अंदाज येतो की हा माणूस घाऊक भावाच्या आसपास विकतोय का दुप्पट लावतोय.

पायरी १: पाच वर्षांचा हिशोब मांडा

एक स्प्रेडशीट उघडा. प्रत्येक रजिस्ट्रारसाठी एक ओळ, आणि कॉलम असे: पहिल्या वर्षाचा भाव, रिन्यूअलचा भाव, ट्रान्सफरचा (डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडून इकडे आणण्याचा) भाव, प्रायव्हसीचे (आपली माहिती झाकण्याचे) वेगळे पैसे आहेत का, टॅक्स धरून की सोडून, मुदत संपल्यावर परत मिळवायची फी किती. रिन्यूअलचा भाव शोधायला होमपेजवर वेळ घालवू नका, तिथे तो सहसा नसतो. "प्रायसिंग" किंवा सगळ्या एक्स्टेन्शनचं टेबल असलेलं पान शोधा, नाहीतर डोमेन कार्टमध्ये टाकून मुदत १ वर्षाची २ वर्षं करून बघा, फरक जेवढा येईल तेवढंच बहुतेक वेळा रिन्यूअल असतं.

मग साधं गणित. समजा एक रजिस्ट्रार पहिल्या वर्षी १ डॉलर घेतो, रिन्यूअल २२ आणि प्रायव्हसीचे वर्षाला १०. दुसरा सरसकट दरवर्षी ११ घेतो, प्रायव्हसी फुकट. पाच वर्षांत पहिल्याकडे १ अधिक चार वेळा २२ म्हणजे ८९, त्यात प्रायव्हसीचे ५०, एकूण १३९. दुसऱ्याकडे ५५. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत पण बाजारात चित्र याच धाटणीचं दिसतं. म्हणून पहिल्या वर्षाची तुलना करण्यात अर्थ नाही, पाच वर्षांचा आकडाच शेजारी शेजारी ठेवा.

नवीन एक्स्टेन्शनमध्ये हा फरक अजून मोठा असतो. डॉट ऑनलाइन, डॉट स्टोअर, डॉट एक्सवायझेड वगैरे पहिल्या वर्षी अगदी किरकोळ पैशात मिळतात कारण बऱ्याचदा रजिस्ट्रीच स्वतः सूट देत असते, आणि दुसऱ्या वर्षी कित्येक पट भाव लागतो. नाव आवडलं म्हणून घाई करू नका, त्या एक्स्टेन्शनचं रिन्यूअल आधी बघा. तसंच "प्रीमियम" लिहिलेलं नाव असेल तर अजून सावध. काही प्रीमियम नावांना फक्त पहिल्या वर्षी जास्त पैसे लागतात आणि काहींना दरवर्षीच, दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो कार्टमध्ये पटकन लक्षात येत नाही, तेव्हा सपोर्टला विचारून लेखी उत्तर घ्या. आणि डॉट एआय घेणार असाल तर तिथे कमीत कमी २ वर्षांची नोंदणी लागते, म्हणजे पहिल्याच फटक्यात दुप्पट.

प्रायव्हसीबद्दल थोडं. पूर्वी डोमेन घेतलं की नाव, पत्ता, फोन सगळं हूइज नावाच्या सार्वजनिक नोंदीत जगाला दिसायचं. युरोपचा जीडीपीआर कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून बऱ्याच रजिस्ट्रारनी वैयक्तिक माहिती तशीही झाकायला सुरुवात केली, आणि जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनसाठी जुन्या हूइजची जागा आरडॅप या माहिती शोधायच्या नव्या पद्धतीने घेतली. त्यामुळे आज प्रायव्हसीसाठी वेगळे पैसे मागणाऱ्याकडे जायचं काही कारण मला तरी दिसत नाही, नेमचीप, पोर्कबन, क्लाउडफ्लेअर यांच्याकडे ती फुकट आहे. फक्त एक, काही देशांच्या एक्स्टेन्शनचे स्वतःचे नियम असतात आणि तिथे प्रायव्हसी चालतच नाही, ते आधी तपासा.

कार्टमध्ये पोचल्यावर प्रत्येक टिक नीट वाचा. एसएसएल सर्टिफिकेट (साइटचं कनेक्शन सुरक्षित करणारं) विकत घ्यायची साध्या साइटला गरज नाही, लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप लावून देतात. ईमेल, वेबसाइट बिल्डर, वेगवेगळ्या नावांची "प्रोटेक्शन", हे सगळं नंतर कधीही घेता येतं. आत्ता फक्त डोमेन घ्या.

पायरी २: बाहेर पडायचा दरवाजा बघून ठेवा

ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण भाव आज चांगला असला तरी कंपनी विकली जाते, धोरण बदलतं. गूगल डोमेन्स हे साधंसरळ म्हणून लोकांचं लाडकं होतं, जून २०२३ मध्ये गूगलने तो धंदा स्क्वेअरस्पेसला विकायचं जाहीर केलं आणि सगळे ग्राहक तिकडे गेले. गांडी ही जुनी फ्रेंच कंपनी, प्रत्येक डोमेनबरोबर मेलबॉक्स फुकट द्यायची, २०२३ मध्ये मालकी बदलली आणि ते फुकटचे मेलबॉक्स बंद झाले. तुम्ही कितीही विचार करून निवडलं तरी असं होऊ शकतं, म्हणून निघता येणं सोपं पाहिजे.

निघायची पद्धत ढोबळमानाने सगळीकडे सारखी आहे. डोमेनचं लॉक काढायचं, ऑथ कोड, म्हणजे ट्रान्सफरसाठीचा पासवर्ड, घ्यायचा (याला ईपीपी कोडसुद्धा म्हणतात), नवीन रजिस्ट्रारकडे तो कोड टाकून ट्रान्सफरचे पैसे भरायचे. डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनमध्ये हे पैसे वाया जात नाहीत, आधीची मुदत शाबूत राहते आणि त्यात एक वर्ष जोडलं जातं. जुन्या रजिस्ट्रारने काहीच केलं नाही तर साधारण ५ दिवसांनी ट्रान्सफर आपोआप पुढे सरकतं, काही ठिकाणी तुम्ही डॅशबोर्डमधून लगेच मंजुरी देऊ शकता आणि मग तासाभरातसुद्धा काम होतं.

तर घेण्याआधी त्या रजिस्ट्रारच्या हेल्प पानांवर "ट्रान्सफर आउट" शोधा. कोड डॅशबोर्डमधून एका क्लिकवर मिळतो का? का सपोर्टला मेल करा, कारण सांगा, फोनवर बोला असं काही लिहिलंय? आयकॅनच्या नियमाप्रमाणे मागितल्यापासून ५ दिवसांत कोड द्यावाच लागतो, पण जो पाचव्या दिवसापर्यंत ताणतो आणि जो लगेच देतो त्यांच्यात फरक आहेच ना. जाण्यासाठी वेगळी फी लावणारा कुणी दिसला तर यादीतून सरळ काढून टाका.

नवीन घेतलेलं डोमेन पहिले ६० दिवस हलवता येत नाही, ट्रान्सफर करून आणलेलंही तसंच. मालकाचं नाव किंवा ईमेल बदलल्यावरही ६० दिवसांचं लॉक लागू शकतं, म्हणून ट्रान्सफर करायचं असेल तर आधी ट्रान्सफर आणि मग माहिती बदला. मुदत संपायच्या आठवड्यात ट्रान्सफरला हात घालू नका, निदान महिनाभर आधी सुरू करा. आणि मुदत संपून गेल्यावर रिन्यू केलं आणि पुढच्या ४५ दिवसांत लगेच ट्रान्सफर केलं तर ते रिन्यूअलचं वर्ष हिशोबात धरलं जात नाही, म्हणजे पैसे दोनदा आणि वर्ष एकच, जुन्या रजिस्ट्रारकडून परतावा मिळतो का ते आधी विचारायचं.

क्लाउडफ्लेअरबद्दल इथेच सांगतो कारण बरेच जण किंमत बघून तिकडे पळतात. ते घाऊक भावात देतात, वर एक पैसा लावत नाहीत हे खरं आहे, पण नेहमीच्या प्लॅनमध्ये डोमेन त्यांच्याकडे असेल तर नेमसर्व्हरही (तुमच्या डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) त्यांचेच वापरावे लागतात. तुम्ही तसेही त्यांचं डीएनएस (डोमेनवरून साइट आणि ईमेल कुठे आहे ते सांगणारी व्यवस्था) वापरत असाल तर याहून चांगला सौदा नाही. पण होस्टिंगवाल्याने "आमचे नेमसर्व्हर टाका" असं सांगितलंय आणि तुम्हाला ए रेकॉर्ड, सीनेम वगैरे डीएनएसच्या नोंदी हाताने भरायला जमत नसेल तर तिथे अडकाल.

पायरी ३: पैसे भरायच्या आधी सपोर्टची परीक्षा घ्या

"चोवीस तास सपोर्ट" सगळेच लिहितात. ते वाचून काही कळत नाही, विचारून कळतं. ग्राहक नसतानाच चॅटवर किंवा मेलवर एक नेमका प्रश्न टाका, असा की ज्याचं उत्तर छापील असू शकत नाही. मी साधारण असं लिहितो (यातलं डीएनएससेक म्हणजे डीएनएसची उत्तरं बनावट नाहीत हे तपासायची सोय):

"माझं डॉट कॉम सध्या दुसरीकडे आहे, मुदत संपायला ४० दिवस आहेत, डीएनएससेक चालू आहे आणि ईमेल वेगळ्या कंपनीकडे आहे. तुमच्याकडे ट्रान्सफर करताना ईमेल बंद पडू नये म्हणून मी कुठल्या क्रमाने काय करू?"

चांगला सपोर्ट असेल तर समोरचा विचारतो की नेमसर्व्हर कुणाचे आहेत, सांगतो की ते जुन्या रजिस्ट्रारचे असतील तर आधी सगळे रेकॉर्ड नवीन डीएनएसवर उभे करा, डीएनएससेक बंद करा, मग नेमसर्व्हर बदला, ते स्थिर झाल्यावर ट्रान्सफर सुरू करा. कच्चा सपोर्ट असेल तर ट्रान्सफरच्या पानाची लिंक चिकटवतो आणि "अजून काही मदत?" म्हणतो. उत्तर यायला किती वेळ लागला तेही लिहून ठेवा, आणि जमलं तर हाच प्रश्न एकदा सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री टाका, कारण साइट पडते ती काही ऑफिसची वेळ बघून पडत नाही.

फोन सपोर्ट हवाच असेल तर पर्याय कमी होतात. गोडॅडीकडे फोन आहे, नेमचीपकडे फोन नाही पण चॅट चोवीस तास आहे, क्लाउडफ्लेअरकडून फुकट प्लॅनवर फारशी अपेक्षा ठेवू नका, तिथे तुमचं तुम्हालाच निस्तरता आलं पाहिजे. ज्याला तांत्रिक गोष्टींची भीती वाटते, फोनवर कुणीतरी "आता इथे क्लिक करा" सांगणारं हवं असतं, त्याने वर्षाला काही डॉलर जास्त मोजले तर ते मला अजिबात चुकीचं वाटत नाही. फक्त ते कशासाठी मोजतोय हे माहीत असलं पाहिजे.

पायरी ४: डॅशबोर्डमध्ये काय बघायचं

दिसायला सुंदर असण्याशी संबंध नाही. हेल्प पानांवरचे स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ बघून एवढं तपासा की नेमसर्व्हर बदलायची जागा समोर आहे का, डीएनएस रेकॉर्ड टाकताना टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची तो आकडा) बदलता येतो का, टीएक्सटी म्हणजे मजकुराच्या रेकॉर्डमध्ये मोठी ओळ बसते का (ईमेल खरा असल्याची खूण असलेल्या डीकेआयएमची किल्ली लांबलचक असते आणि काही ठिकाणी ती कापली जाते), सगळे रेकॉर्ड एका फाइलमध्ये एक्स्पोर्ट करता येतात का, डीएनएससेक आहे का. डोमेन जास्त असतील तर एकदम दहा-वीस डोमेनची सेटिंग बदलायची सोय आणि एपीआय (प्रोग्रॅममधून ही कामं करायची सोय) पण बघा. ऑटो-रिन्यूचं बटण प्रत्येक डोमेनला वेगळं असावं आणि बंद करायला सपोर्टला विनवावं लागू नये.

पोर्कबन मला यात आवडतं, भाव पहिल्या वर्षाचा आणि रिन्यूअलचा शेजारी शेजारी दाखवतात आणि पॅनेलमध्ये गर्दी नाही. नेमचीप पण नवख्याला जमतं. गोडॅडी जगातला सगळ्यात मोठा रजिस्ट्रार आहे आणि सोयी सगळ्या आहेत, पण वाटेत इतर गोष्टी विकायचे स्क्रीन जास्त लागतात, त्यातून वाट काढायचा धीर ठेवा.

पायरी ५: सुरक्षा, इथे तडजोड नको

डोमेन ज्याच्या हातात त्याच्या हातात तुमचा ईमेल, आणि ईमेल ज्याच्या हातात त्याच्या हातात बाकी सगळं, कारण पासवर्ड रीसेटच्या लिंक तिथेच येतात. म्हणून टू-फॅक्टर लॉगिन ऑथेंटिकेटर ॲपने किंवा सिक्युरिटी कीने करता येत नसेल, फक्त एसएमएसवरच असेल, तर तो रजिस्ट्रार मी घेणार नाही, भाव कितीही चांगला असो. ट्रान्सफर लॉक आपोआप लागतं का तेही बघा.

आणि रजिस्ट्रारला खरंच मान्यता आहे का? आयकॅनच्या साइटवर मान्यताप्राप्त रजिस्ट्रारची यादी आहे, तिथे नाव शोधा. नसेल तर ती कंपनी बहुधा रिसेलर आहे, म्हणजे दुसऱ्या रजिस्ट्रारचा माल विकतेय. रिसेलर वाईटच असतो असं नाही पण तो गायब झाला तर तुम्हाला मूळ रजिस्ट्रार शोधत बसावं लागतं. मान्यता असलेल्याचंही बिघडू शकतं, रजिस्टरफ्लाय नावाच्या कंपनीची मान्यता आयकॅनने २००७ मध्ये रद्द केली तेव्हा लाखो डोमेन गोडॅडीकडे हलवावी लागली होती. मान्यताप्राप्त रजिस्ट्रारना आपल्या नोंदींची प्रत नियमितपणे तिसऱ्याकडे जमा ठेवावी लागते, ते अशा वेळेसाठीच.

पायरी ६: मुदत संपल्यावर काय होतं ते घेण्याआधी वाचा

डॉट कॉमसारख्या एक्स्टेन्शनमध्ये मुदत संपली की रजिस्ट्रार ० ते ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या भावात रिन्यू करू देतो, पण किती दिवस ते त्याने ठरवायचं असतं, आणि या काळात साइट आणि ईमेल बंद पडलेले असू शकतात. बरेच रजिस्ट्रार याच काळात डोमेन लिलावालाही लावतात. ही मुदतही निघून गेली की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा, म्हणजे सोडवून घेण्याचा, काळ, इथे डोमेन परत मिळतं पण मोठी फी भरून, आणि ही फी रजिस्ट्रारनुसार खूप बदलते, म्हणून मगाशी तो कॉलम ठेवायला सांगितला. त्यानंतर ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही आणि मग नाव सगळ्यांसाठी मोकळं.

असं फक्त छोट्या लोकांचं होतं असं समजू नका. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टचं पासपोर्ट डॉट कॉम रिन्यू करायचं राहिलं, हॉटमेलचं लॉगिन त्यावर चालायचं ते अडकलं, आणि एका बाहेरच्या प्रोग्रॅमरने स्वतःचे ३५ डॉलर भरून ते चालू करून दिलं.

रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि संपल्यावर ५ दिवसांच्या आत सूचना पाठवावी लागते. पण ती जाते तुम्ही नोंदवलेल्या ईमेलवर, आणि तो ईमेल जर त्याच डोमेनवरचा असेल तर डोमेन बंद पडल्यावर शेवटची सूचना तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. खातं नेहमी वेगळ्या, कायमच्या ईमेलवर उघडा.

घेतल्यानंतर त्याच दिवशी करायचं

ईमेल पडताळणीची लिंक येते तिच्यावर क्लिक करा, १५ दिवसांत केलं नाही तर डोमेन निलंबित होऊ शकतं आणि लोक होस्टिंगवाल्याशी भांडत बसतात. टू-फॅक्टर लावा, बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा. ऑटो-रिन्यू चालू करा पण फक्त त्याच्यावर विसंबू नका, कार्डची मुदत संपली की ऑटो-रिन्यू गपचूप फेल होतं, म्हणून कॅलेंडरमध्ये मुदतीच्या ६० दिवस आधीचं रिमाइंडर टाका. मग आयकॅनच्या लुकअप पानावर तुमचं डोमेन टाकून बघा, रजिस्ट्रारचं नाव आणि मुदतीची तारीख बरोबर आहे का, आणि "क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड" असं स्टेटस दिसतंय का. ते वाचून घाबरू नका, लॉक चालू असल्याची ती खूण आहे.

आधीपासून चार ठिकाणी डोमेन पडलेली असतील आणि एकत्र आणायची असतील तर सगळी एकदम हलवू नका. जे सगळ्यात कमी महत्त्वाचं आहे, ज्यावर ईमेल नाही, ते आधी हलवा, नवीन पॅनेल आणि सपोर्ट कसा आहे ते एक रिन्यूअल होईपर्यंत बघा, आणि मुख्य डोमेनला त्यानंतर हात लावा.